वायुदूत : विमान चांगलं, जाळं फसलेलं (पुण्याहून छोट्या गावी उडणाऱ्यांसाठी एक उशिराचा रिव्ह्यू)

पाचपैकी अडीच. कल्पनेला साडेचार, विमानाला चार, वेळापत्रकाला एक आणि हिशेबाला जेमतेम अर्धा. असं फोडून सांगावं लागतं, कारण वायुदूत ही छोट्या गावांना उडणारी जुनी सरकारी विमानसेवा सरसकट वाईट नव्हती आणि तिच्या नावाने आज जेवढे उसासे टाकले जातात तेवढी चांगलीही नव्हती. "सरकारी कंपनी होती, बुडाली" असं म्हणून हात झटकता येतात. पण पुण्याहून जळगाव किंवा सिंधुदुर्गचं तिकीट काढणाऱ्याला आज ज्या गोष्टी छळतात, त्यातली जवळजवळ प्रत्येक वायुदूतने चाळीस वर्षांपूर्वी भोगलेली आहे. त्यामुळे सेवा बंद पडलेली असली तरी रिव्ह्यू चालू प्रवाशांच्या कामाचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९५३ साली आठ देशी विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स तयार झाली. तेव्हा तिच्याकडे मुख्यतः डाकोटा ही पंख्याची विमानं होती. डाकोटाला फार लाड लागत नसत, लहान आणि कच्च्या धावपट्टीवरही ती उतरे. पुढे कॅराव्हेल हे जेट आलं, ७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग ७३७ आणि १९७६ मध्ये एअरबस ए-३००. जेट विमानाला लांब, पक्की धावपट्टी लागते, अग्निशमनाची मोठी सोय लागते आणि शंभरावर प्रवासी लागतात. जिथे यातलं काहीच नाही अशी गावं एकेक करून नकाशावरून गळाली. ही गळती भरून काढायला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी निम्मी-निम्मी मालकी घेऊन वायुदूत काढली. २६ जानेवारी १९८१ ला ती सुरू झाली, आधी ईशान्य भारतात, इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्या फोकर एफ-२७ विमानांवर. पुढे एव्हरो म्हणजे एचएस-७४८ पण आली. तोपर्यंत जुन्या सामानावर चाललेला हा संसार होता. खरी ओळख मिळाली ती डॉर्नियर २२८ ने.

डॉर्नियरवर थोडं थांबू, कारण या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नीट विचार केलेली गोष्ट तीच होती. जर्मन कंपनीचं डिझाइन, १९८३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी परवाना करार आणि १९८६ पासून कानपूरच्या कारखान्यात जोडणी. १९ आसनं. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिका आणि युरोपच्या नियमांत १९ प्रवाशांपर्यंतचं विमान वेगळ्या, हलक्या वर्गात बसतं आणि हवाई सेविका सक्तीची नसते. त्यामुळे जगभर या वर्गातली विमानं नेमक्या १९ वर येऊन थांबतात. इंजिनं दोन, गॅरेट टीपीई-३३१ जातीची, प्रत्येकी ७१५ अश्वशक्तीची टर्बोप्रॉप, म्हणजे पुढचा पंखा फिरवणारी. पंख वर, केबिनच्या डोक्यावर. त्यामुळे इंजिनांचे पंखे जमिनीपासून उंच राहतात आणि धावपट्टीवरची खडी त्यांच्यात कमी उडते. पंखाचा आकार त्या काळात नवा होता. कमी वेगातही तो भरपूर उचल देतो, म्हणून सातआठशे मीटरची धावपट्टीही या विमानाला पुरते. बोइंगला त्याच्या दुपटी-तिपटीने लागते.

आत बसल्यावर मात्र हौस फिटते. केबिनची उंची साधारण दीड मीटर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसालाही वाकूनच सीटपर्यंत जावं लागतं. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच सीट, म्हणून प्रत्येकाला खिडकीही मिळते आणि वाटही. कोपराची भांडणं नाहीत. स्वच्छतागृह नाही, हे निघण्याआधीच लक्षात ठेवायचं. कॉकपिट आणि प्रवासी यांच्यात अंतर असं नाहीच, पहिल्या रांगेतल्याला घड्याळांचे काटे वाचता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. म्हणून हे विमान साधारण दहा हजार फुटांच्या आतबाहेरच उडतं. जेट ज्या ढगांच्या वरून जातं, त्याच ढगांच्या पोटातून डॉर्नियरला वाट काढावी लागते. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या माथ्यावर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. त्यात सर्दी असली तर उतरताना कानांची परीक्षाच. ज्याला आरामाचे गुण हवेत त्याने इथले दोन वजा करावेत. पण ज्या गावाला दुसरं कुठलंच विमान येत नव्हतं, त्या गावाने आराम हा निकष लावायचं कारण नव्हतं.

लहान विमानात वजनाचा हिशेब मोठ्या विमानापेक्षा कडक असतो आणि चिडचिड नेमकी तिथेच होते. विमान रिकामं असताना साधारण साडेतीन टन, उड्डाणाची कमाल मर्यादा सहा टनांच्या आसपास. मधल्या अडीच टनांत दोन वैमानिक, १९ प्रवासी, सामान आणि इंधन बसवायचं. प्रवासी आणि बॅग मिळून माणशी ९० किलो धरले तर १९ जणांचेच १,७१० किलो झाले. वैमानिकांचे दीड-पावणेदोनशे. उरले सहाएकशे किलो इंधनाला. ताशी पावणेतीनशे ते तीनशे किलो जळणार, वर राखीव साठा नियमाने हवाच. आता ज्या गावी जायचं तिथे विमानाचं इंधनच मिळत नाही असं धरा (तेव्हा बहुतेक छोट्या धावपट्ट्यांवर मिळत नसे), म्हणजे परतीचंही इथूनच भरून न्यायचं. गणित तिथे फसतं. मग एकतर चार प्रवासी खाली ठेवा, नाहीतर सामान पुढच्या फेरीने पाठवा. काउंटरवरचा माणूस "बॅग उद्या येईल" म्हणतो तेव्हा तो उर्मटपणा नसून वजाबाकी असते. उर्मटपणा असलाच तर तो बोलण्याच्या पद्धतीत, आणि तो तर मोठ्या विमानांच्या काउंटरवरही फुकट मिळतो.

उन्हाळ्यात ही वजाबाकी आणखी वाढते. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश सेल्सिअस धरतात. मे महिन्यात दुपारी ४० अंश झालं की फरक २९ अंशांचा, आणि प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने त्यात साडेतीन हजार फूट मिळवायचे. म्हणजे उभं आहे लोहगावात, पण इंजिन आणि पंख यांच्या दृष्टीने विमान ५,४०० फुटांवर आहे. हवा विरळ, उचल कमी, इंजिनाचा जोर कमी. लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरची, तिथे हे खपून जातं. पण हजार मीटरच्या पट्टीवरून दुपारी दोन वाजता परत निघायचं असेल, त्यात एक इंजिन बंद पडलं तरी विमान चढत राहिलं पाहिजे ही अट पाळायची असेल, तर वजन उतरवण्यावाचून पर्याय नाही. छोट्या गावांची विमानं सकाळी लवकर असावीत याचं हे एक कारण.

दुसरं कारण वायुदूतच्या वेळापत्रकात दडलेलं आहे, आणि एक गुण का दिला तेही तिथेच कळेल.

आपल्याकडे "गाव तिथे एसटी" हे वाक्य भिंतींवर वाचत सगळे मोठे झाले. वायुदूतने तेच आकाशात करून बघितलं. ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्या गावांची यादी शंभराच्या आसपास पोचली होती. ईशान्येकडे पासीघाट, झिरोसारखी ठिकाणं होती, जिथे रस्त्याने जायचं म्हणजे दिवस जात असे. तिथे विमान ही गरज होती. पण यादीत जेवढे खासदार तेवढे थांबे घुसायला लागले तेव्हा घोडं अडलं. एसटी मधल्या थांब्यावर दोन मिनिटं थांबली, चार माणसं उतरली, सहा चढली, तर तिचा खर्च फारसा वाढत नाही. विमानाचं तसं नाही. प्रत्येक उतरणं-चढणं हा एक वेगळा हिशेब असतो. चाकांचा सांगाडा, ब्रेक, टायर, इंजिनाचे काही भाग यांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांवर नव्हे, फेऱ्यांवर मोजतात. दीड तासाचं एक उड्डाण आणि अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन उड्डाणं यांत हवेतला वेळ तेवढाच, पण झीज तिप्पट. इंधनही चढतानाच जास्त जातं. वर रस्त्याशी स्पर्धा. पुणे-कोल्हापूर रस्त्याने २३० किलोमीटर. विमान हवेत पस्तीस-चाळीस मिनिटं राहील, पण लोहगावला जाणं, तपासणी, तिकडे उतरून गावात पोचणं धरलं तर वाचलेला वेळ हातात मावतो. अशा अंतरावर रोज १९ माणसं मिळणं कठीण आणि मिळाली तरी परवडणं त्याहून कठीण.

परवडण्याचं साधं गणित बघा. दोन वैमानिक १९ आसनी विमानालाही लागतात आणि ७० आसनीलाही. डॉर्नियरमध्ये एका वैमानिकाचा पगार साडेनऊ सीटवर वाटला जातो, एटीआर या ७० आसनी पंख्याच्या विमानात पस्तीसवर. तेच तंत्रज्ञांचं, तेच विमा आणि सुट्या भागांच्या साठ्याचं. म्हणजे छोट्या विमानात दर सीटमागचा खर्च मुळात जास्त आणि ते ज्या गावांना जातं तिथल्या लोकांची भाडं देण्याची ऐपत तुलनेने कमी. मधली दरी कुणीतरी भरलीच पाहिजे. वायुदूतच्या बाबतीत कुठल्या मार्गाचं किती भरायचं, किती वर्षं भरायचं, कुणी भरायचं, हे मार्गनिहाय ठरवून दिलेलंच नव्हतं. तोटा साचत गेला आणि तो मालक कंपन्यांच्या गळ्यात पडत गेला. हिशेबाचा अर्धा गुण विमान देशातच, कानपूरला दुरुस्त होऊ शकत होतं याबद्दल, बाकी काही नाही.

वेळापत्रकातला खरा दोष साखळीचा होता. एकच विमान सकाळी निघून पाच-सहा गावं करत संध्याकाळी परत येणार. बदली विमान नाही. छोट्या धावपट्टीवर दिवे नाहीत, म्हणजे सूर्यास्ताआधी उतरलंच पाहिजे. सकाळी धुक्यामुळे दीड तास उशीर झाला की दुपारपर्यंत तो दोन तासांचा होतो आणि शेवटचं गाव सूर्यास्तात अडकतं. ती फेरी रद्द. विमान रात्री भलत्याच ठिकाणी मुक्कामाला, दुसऱ्या दिवसाची पहिली फेरी त्यामुळे उशिरा. मधल्या एखाद्या गावी टायर गेला तर तिथे ना तंत्रज्ञ ना जॅक. टायर पुढच्या विमानाने येणार आणि पुढचं विमान म्हणजे हेच. जिथे इन्स्ट्रुमेंट लँडिंगची सोय नाही तिथे नजरेच्या भरवशावर उतरायचं तर पाच किलोमीटरपर्यंत दिसलं पाहिजे. पावसाळ्यात ही अट रोज पुरी होत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ. पण सहा गावांच्या साखळीत सहाही ठिकाणी सगळं जमून यायला हवं. अशा सेवेवर व्यापारी, डॉक्टर, वकील अवलंबून राहत नाहीत. ते रात्रीची बस पकडतात. नियमित प्रवासी गेला की सीट रिकामी, सीट रिकामी की फेरी कमी, फेरी कमी की आणखी प्रवासी गेले.

पुण्याशी वायुदूतचं नातं एका दुःखद नोंदीनेही जोडलेलं आहे. २३ सप्टेंबर १९८९ ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळलं. आतल्या ११ जणांपैकी कुणी वाचलं नाही. त्याआधी १९ ऑक्टोबर १९८८ ला गुवाहाटीजवळ वायुदूतचं फोकर पडून ३४ जण गेले होते. त्याच सकाळी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग पडलं, म्हणून गुवाहाटीची बातमी अनेकांच्या स्मरणातही नाही. सुरक्षिततेला गुण द्यायचं इथे टाळलं आहे. एकदोन अपघातांवरून विमानाची जात ठरवणं बरोबर नाही. डॉर्नियर २२८ आपल्या तटरक्षक दलाने, नौदलाने आणि हवाई दलाने दशकानुदशकं वापरलं आहे.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचा निर्णय झाला आणि १९९७ पर्यंत ती नावानेही संपली. १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना आकाश मोकळं झालं. त्याच वर्षी सरकारने नियम केला की मोठ्या शहरांच्या मार्गांवर जितकी आसनक्षमता, त्याच्या ठरावीक टक्के ईशान्य, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप आणि इतर मार्गांवरही उडवायची. नियम चांगला, पण "इतर" मध्ये मध्यम शहरंही बसत होती. त्यामुळे कंपन्यांनी आकडे भरले आणि खरी छोटी गावं तशीच राहिली.

मग २०१६ मध्ये छोट्या गावांना विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना आली. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला, शिमला-दिल्ली. त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं. वायुदूतशी तुलना केली तर उडानची आखणी हिशेबाच्या बाबतीत कितीतरी शहाणी आहे. कंपनी मार्गासाठी बोली लावते. विमानातल्या साधारण निम्म्या सीट ठरलेल्या कमाल भाड्याने विकायच्या, सुरुवातीला ही मर्यादा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये होती, पुढे वाढत गेली. त्या सीटमागची तूट सरकार भरून देतं, पण तीनच वर्षं. तेवढ्या काळात त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला शिरकाव नाही. पैसा येतो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या अधिभारातून आणि राज्याच्या वाट्यातून. म्हणजे पुणे-दिल्लीचं तिकीट काढणारा जळगावच्या प्रवाशाला थोडा हातभार लावत असतो. शिवाय ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे.

दोष त्या तीन वर्षांतच आहे. मदत संपते त्या महिन्यात अनेक मार्ग आचके द्यायला लागतात. आणि १९ आसनी विमानाचं जुनं दुखणं उडानमध्येही बरं झालं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने बीचक्राफ्ट १९००-डी विमानाने मुंबई-जळगाव सुरू केलं. विमान छान, आत दाब राखलेला, उभं राहता येईल अशी केबिन. पण मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट (उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ) मिळण्यावरून रडकथा सुरुवातीपासूनच होती, फेऱ्या अनियमित राहिल्या आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात कंपनीचं कामकाज थांबलं. डॉर्नियरचं मात्र एक बरं झालं. १२ एप्रिल २०२२ ला अलायन्स एअरने हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या देशी बनावटीच्या डॉर्नियरने दिब्रुगढ-पासीघाट हे उड्डाण केलं. तेच विमान, तेच गाव, पण यावेळी एका डोंगराळ कोपऱ्यापुरतं. हे विमान जिथे शोभतं तिथेच आहे.

आता पुण्याचं आजचं चित्र. २०२४ पासून फ्लाय९१ या गोव्याच्या कंपनीने एटीआर ७२-६०० विमानांवर पुण्याहून जळगाव आणि सिंधुदुर्ग हे मार्ग चालवायला घेतले. वार आणि वेळा हंगामानुसार बदलतात, तिकिटाआधी त्या बघाच. मार्गांची निवड वायुदूतपेक्षा बरी वाटते. जळगाव सरळ रेषेत ३२० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने साधारण ४०० आणि आठ तास. सिंधुदुर्गला सरळ अंतर तीनशेच्या आत, पण रस्त्याने मध्ये घाट आडवा येतो. अशा अंतरावर विमान चार-पाच तास खरोखर वाचवतं. कोल्हापूरसारखं ते हातात मावणारं नाही.

एटीआर वापरायला डॉर्नियरपेक्षा कितीतरी सुसह्य आहे, तरी जेटच्या सवयीने गेलात तर चकाल. चढायचं दार मागे, पुढच्या भागात सामान. त्यामुळे शेवटच्या रांगा आधी उतरतात. पंखे केबिनच्या पुढच्या भागाच्या रेषेत आहेत, आवाज आणि थरथर तिथेच जास्त. शांतता हवी तर मागच्या तिसऱ्या हिश्श्यात सीट घ्या. पंख डोक्यावर असल्याने खाली बघायला बहुतेक खिडक्या मोकळ्या मिळतात. मागच्या खिडकीतून वरंधा-आंबा पट्ट्यातले कडे पावसाळ्यानंतर बघण्यासारखे असतात (विमानाने कुठली वाट धरली त्यावर अवलंबून). सीट दोन-दोनच्या, वरचे कप्पे लहान. चाकांची टणक ट्रॉली बहुधा बसत नाही, मऊ बॅग घ्या. चितळ्यांची बाकरवडी आणि आंबा बर्फीचे डबे पायाशी ठेवायचा बेत असेल तर पायाशी जागाही बेताचीच आहे.

दुपारी विमानात शिरल्यावर भट्टीसारखं गरम वाटलं तर त्याला कारण आहे. जेटच्या शेपटीत जमिनीवर वातानुकूलन चालवायला एक छोटं इंजिन असतं, एटीआरमध्ये ते नसतंच. त्याऐवजी उजवं इंजिन चालू ठेवून फक्त त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात, म्हणजे हवा आणि वीज दोन्ही मिळतं. पण इंधन वाचवायचं असेल किंवा पार्किंगच्या जागी तसं करायची मुभा नसेल तर इंजिन बंद, आणि बाहेरून वीज-हवा जोडली नसेल तर केबिन तापत राहते. हवेत गेल्यावर दहा मिनिटांत निवतं.

लोहगावच्या दोन गोष्टी लक्षात घ्या. विमानतळ हवाई दलाचा आहे, नागरी विमानांना उरलेल्या वेळेतले स्लॉट मिळतात. छोट्या विमानाची खेप एकदा मागे पडली की पुढची जागा लगेच मिळेलच असं नाही. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनल चालू आहे, पण एटीआरला एअरोब्रिजने चढायचं नसतं, बसनेच विमानापाशी नेतात. म्हणून गेटवर शेवटच्या मिनिटाला पोचण्याचा पुणेरी आत्मविश्वास इथे नको. मेट्रोने यायचं तर रामवाडीला उतरून पुढे रिक्षा किंवा फीडर बस. परतताना कॅब एअरोमॉल या विमानतळाच्या पार्किंग इमारतीतून पकडावी लागते.

तिकीट काढताना विमानाची दिवसातली पहिली फेरी असलेला वार निवडा. साखळीचं दुखणं एटीआरलाही आहे, फक्त गावं कमी असल्याने साखळी आखूड. त्याच दिवशी पुण्याहून दिल्ली किंवा परदेशचं विमान पकडायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर पहिलं चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मध्ये एक रात्र ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गचा विमानतळ जिथे आहे त्या चिपीच्या सड्यावर (पठारावर) ढग उतरून बसतात. त्या दिवसांत परतीचं तिकीट घट्ट बांधू नका आणि लग्न-मुंज-कोर्टाच्या तारखेसाठी विमानावर विसंबू नका. पर्याय हाताशी ठेवा. जळगावसाठी वाकडेवाडीहून बस किंवा पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस, कोकणासाठी स्वारगेटहून बस. उडानच्या सवलतीच्या सीट निम्म्याच असतात. त्या आधी संपतात आणि उरलेल्या बाजारभावाने जातात, तेव्हा आठवडाभर आधी बघितलेलं भाडं आदल्या दिवशी शोधू नका.

रद्द झालं तर काय मिळतं तेही माहीत असावं. कंपनीने रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क, निवड तुमची. वेळेत कळवलं नसेल तर वर भरपाई. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. स्वस्त तिकिटावर साहजिकच भाड्याचाच आकडा लागू होतो. खराब हवामान असेल तर भरपाई नाही, फक्त परतावा. आणि एक बारीक अट आहे जी एजंटकडून तिकीट काढणाऱ्यांना हमखास नडते. बुकिंगमध्ये प्रवाशाचा स्वतःचा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई मागता येत नाही. एजंट सवयीने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो आणि रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो. तिकीट हातात आल्याबरोबर त्यावर नंबर कुणाचा आहे ते बघा आणि तिथल्या तिथे बदलून घ्या.